वेगातील शिस्त : ‘किल एम ऑल’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासात लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला एक वेगळे स्थान असते. पुढे येणारी प्रौढता त्यात नसते, भाषा अधूनमधून अडखळते, कोणाकडून काय उसने घेतले आहे तेही उघड दिसते. परंतु लेखकाला काय म्हणायचे आहे, आणि ते म्हणण्यासाठी तो किती कष्ट घ्यायला तयार आहे, हे बहुधा त्या पहिल्या पुस्तकातच स्वच्छ दिसते. संगीताच्या बाबतीतही हाच न्याय लावता येईल काय, असा विचार मनात आला आणि त्यातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला.

अभ्यासासाठी मी ‘मेटॅलिका’ या अमेरिकन बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निवडली आहे. ‘किल एम ऑल’ हे तिचे नाव. २५ जुलै १९८३ रोजी ती प्रकाशित झाली. ‘थ्रॅश मेटल’ या नावाने जो संगीतप्रकार पुढे जगभर पसरला, त्याच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांत हिची गणना होते. गंमत अशी की, ती निघाली तेव्हा हे नाव रूढ झालेच नव्हते. ‘केरँग’ या इंग्लंडमधील नियतकालिकाचे पत्रकार माल्कम डोम यांनी १९८४ मध्ये ‘अँथ्रॅक्स’ या बँडच्या एका गाण्यासंबंधी लिहिताना हा शब्द वापरला, असे सांगतात. म्हणजे वस्तू आधी जन्मली, बारसे मागाहून झाले.

हे संगीत प्रथम कानी पडले की ‘हा निव्वळ गोंगाट आहे’ असे बहुतेकांचे मत होते. आमच्या वसतिगृहातही तेच मत आहे आणि त्यात नवल नाही. मी ज्या घरातून आलो तेथे संगीत म्हणजे गावचे भजनी मंडळ. महाविद्यालयाची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. पाश्चात्त्य संगीताची ओळख असण्याचे काही कारण नव्हते. मात्र ही ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हिच्यातील वेग म्हणजे गोंधळ नसून शिस्त आहे. आणि ही शिस्त कोणत्याही घराण्याचे नाव पाठीशी नसताना एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी ऐकून ऐकून आणि घोटून घोटून कमावलेली आहे. हे मत पुराव्यानिशी मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

१९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हेवी मेटल संगीताची एक नवी लाट उसळली. ‘आयर्न मेडन’, ‘सॅक्सन’, ‘डायमंड हेड’ हे बँड त्या लाटेतले. ‘मोटरहेड’ हा बँडही याच सुमारास गाजत होता. दुसऱ्या बाजूला पंक संगीत होते. तीनचार सुरांवर उभे राहणारे, आखूड, रागीट आणि कोणालाही वाजवता येईल असे. मेटलचे कसब आणि पंकचा आवेश यांची गाठ पडली, तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्ये नव्हे, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळाले.

लार्स उलरिक हा मूळचा डेन्मार्कचा. वडील टॉर्बेन उलरिक हे नामांकित टेनिसपटू, आणि मुलानेही टेनिस खेळावे म्हणून कुटुंब १९८० साली लॉस एंजेलिसला आले. मुलाचे मन मात्र ड्रमवर. १९८१ साली त्याने इंग्लंड गाठून ‘डायमंड हेड’च्या मंडळींबरोबर काही काळ मुक्काम केला. त्याच्या ‘द रिसायकलर’ या जाहिरात-पत्रातील जाहिरातीमुळे त्याची जेम्स हेटफील्डशी गाठ पडली. हेटफील्ड हा अगदी निराळ्या परिस्थितीतला मुलगा. त्याची आई १९८० साली कर्करोगाने वारली होती, आणि तो स्टिकर तयार करणाऱ्या एका कारखान्यात काम करीत होता. ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ या गाण्याची मुख्य सुरावट त्याला त्या कारखान्याबाहेर उभ्या केलेल्या आपल्या गाडीत बसून सुचली, असे सांगितले जाते. एक सुखवस्तू घरचा आणि एक कामगार. दोघांनाही आपल्या वयाच्या मानाने फार थोडे वाजवता येत होते. पण दोघांनी ऐकले मात्र पुष्कळ होते.

लॉस एंजेलिसमध्ये त्या काळी रंगवलेले चेहरे, फुगवलेले केस आणि झगमगीत कपडे यांची चलती होती. या मुलांना तेथे फारसे कोणी विचारीना. १९८२ साली ‘मेटल मॅसकर’ या संकलनात त्यांचे ‘हिट द लाइट्स’ हे गाणे आले, तेव्हा पहिल्या आवृत्तीत बँडचे नावही चुकीचे छापले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी सात गाण्यांची ‘नो लाइफ टिल लेदर’ नावाची नमुना-कॅसेट तयार केली. ही कॅसेट विक्रीसाठी नव्हती. शौकीन मंडळी एकमेकांना टपालाने कॅसेटी पाठवीत, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवून घेत. प्रत्येक प्रतीत खरखर वाढत जाई, पण ऐकणारेही वाढत जात. आपल्याकडे अभंग आणि ओव्या जशा वहीतून वहीत उतरत गेल्या, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

या सुमारास त्यांनी क्लिफ बर्टन या बास गिटारवादकाला ऐकले आणि त्याला बोलावले. तो सॅन फ्रान्सिस्को परिसर सोडून यायला तयार नव्हता. तेव्हा १९८३च्या आरंभी बँडनेच आपले बिऱ्हाड तिकडे हलवले! एका वादकासाठी गाव बदलणाऱ्या या मुलांना आपल्या कामाचे मोल कळले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ध्वनिमुद्रणाची कथा

नमुना-कॅसेटची एक प्रत फिरत फिरत न्यू जर्सीत जॉन झझुला यांच्या हाती पडली. झझुला आणि त्यांची पत्नी मार्शा हे जुन्या बाजारात ध्वनिमुद्रिकांचे एक लहानसे दुकान चालवीत. कॅसेट ऐकून त्यांनी मुलांना पूर्वेकडे बोलावून घेतले. भाड्याच्या ट्रकमध्ये सामान टाकून मंडळी निघाली आणि खंड ओलांडून, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोमीटरचा प्रवास करून पोहोचली. न्यूयॉर्कमध्ये ती एका तालमीच्या इमारतीतच झोपत. ‘अँथ्रॅक्स’ हा बँडही तेथेच तालीम करीत असे, आणि त्या मुलांनी यांना आपले जुने फ्रिज व टोस्टर दिल्याचे सांगतात.

कोणतीही मोठी कंपनी ध्वनिमुद्रिका काढायला तयार होईना. अखेर झझुला दांपत्याने स्वतःचीच ‘मेगाफोर्स’ ही कंपनी काढली. १९८३च्या १० ते २७ मे या अवधीत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी, पॉल कर्सिओ यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. खर्च सुमारे १५,००० डॉलर.  ध्वनिमुद्रणात मुलांच्या शब्दाला फारशी किंमत नव्हती, आणि अंतिम मिश्रणाबद्दल ती नाराज होती. त्या वेळी हेटफील्ड आणि उलरिक यांची वये एकोणीस वर्षांची होती, कर्क हॅमेट वीस वर्षांचा, तर क्लिफ बर्टन एकवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या महाविद्यालयातील द्वितीय आणि तृतीय वर्षाचाच हा वर्ग!

नावाचीही एक हकिकत आहे. मुलांनी आधी ठरवलेले नाव असभ्य होते, आणि असे नाव असलेली ध्वनिमुद्रिका दुकानांत पोहोचवायला वितरकांनी नकार दिला. त्यावर संतापून बर्टनने वितरकांना उद्देशून जे उद्गार काढले, तेच पुढे नाव म्हणून कायम झाले. तेव्हा या भयंकर वाटणाऱ्या नावाचा रोख सगळ्या मनुष्यजातीवर नसून, दाराशी अडवणाऱ्यांवर आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

संगीताची घडण

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हा गोंगाट आहे की रचना?

प्रथम सुरांचा विचार करू. या संगीताचा पाया ‘पॉवर कॉर्ड’ या स्वरजोडीवर उभा आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही षड्ज आणि पंचम यांची जोडी होय. त्यात गांधार नसतो. पाश्चात्त्य संगीतात शुद्ध गांधाराने प्रसन्न आणि कोमल गांधाराने उदास भाव येतो असे मानतात. येथे गांधारच नसल्याने भाव कोणत्याच बाजूला झुकत नाही, तो कठोर आणि मोकळा राहतो. यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाडला की मूळ स्वरांतून आणखी अनेक स्वर निर्माण होतात. गांधार मिसळला तर ते एकमेकांत गढूळ होतात. षड्ज आणि पंचम यांचे नाते ३:२ अशा सोप्या प्रमाणाचे असल्यामुळे फाटलेल्या आवाजातही ही जोडी खणखणीत राहते. तंबोऱ्यावर पंचम आणि षड्ज का लावतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा मुद्दा पटावा. शिवाय गिटारची सर्वांत जाड तार बहुतेक वेळ खर्जासारखी घुमत असते, आणि बाकीची सुरावट त्या खर्जावर येऊन जाऊन असते.

दुसरा विचार हाताचा. उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवून वाजवले की स्वराची आस तुटते आणि ‘धग्-धग्’ असा बंद आवाज येतो. या पद्धतीला ‘पाम म्यूटिंग’ म्हणतात. एवढ्या वेगात प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो तो या पद्धतीमुळे. ती नसती तर खरोखरच गोंगाट झाला असता. सतारीवर ‘दा’ आणि ‘रा’ असे उलटसुलट आघात घेऊन वेग साधतात. गिटारवरही तसे करता येते आणि ते सोपे जाते. हेटफील्ड मात्र पुष्कळ ठिकाणी केवळ वरून खाली असाच आघात करतो. त्याने मनगट थकते, पण प्रत्येक आघाताला सारखे वजन मिळते.

इंग्रजीतील ‘थ्रॅश’ म्हणजे झोडपणे. धान्य मळण्यासाठी जो ‘थ्रेश’ शब्द आहे, त्याचाच हा भाऊ. आमच्याकडे भात झोडतात. झोडणारा पेंढी वरून खाली आपटतो ती एकाच लयीत. जोर कमी पडला तर दाणे पेंढीत राहतात आणि लय सुटली तर हात भरून येतो. पाहणाऱ्याला ती मारझोड वाटते, पण करणाऱ्याच्या दृष्टीने तो मोजून केलेला उद्योग असतो. हेटफील्डचा उजवा हात ऐकताना मला हीच तुलना सर्वांत जवळची वाटते.

तिसरा विचार लयीचा. ‘व्हिपलॅश’ या गाण्याची गती मिनिटाला सुमारे दोनशे मात्रांची आहे. म्हणजे एका सेकंदात तीनहून अधिक मात्रा, आणि गिटारचे आघात त्याच्याही किमान दुप्पट. या वेगात चौघांनी एकाच क्षणी थांबायचे आणि एकाच क्षणी पुन्हा सुरू करायचे, हे तालमीशिवाय अशक्य आहे. आमच्या भजनी मंडळात कोणालाही स्वरलिपी येत नाही. परंतु पखवाज क्षणभर मागे राहिला तर टाळकरी माना वळवून पाहतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ताल चुकलेला कळतो, कारण तो कानात आणि हातात असतो. ‘व्हिपलॅश’मधील शिस्त याच जातीची आहे.

मात्र केवळ वेग असता तर एकावन्न मिनिटे ऐकवले नसते. या ध्वनिमुद्रिकेत दहा गाणी आहेत आणि त्यांची मांडणी विचारपूर्वक केलेली दिसते. ‘हिट द लाइट्स’ आणि ‘मोटरब्रेथ’ ही थेट धावणारी गाणी. त्यांतील दुसरे एकट्या हेटफील्डच्या नावावर आहे. ‘नो रिमोर्स’ मध्यलयीत सुरू होऊन शेवटी द्रुत होते. ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ त्यामानाने संथ आणि वजनदार आहे, म्हणूनच हजारो श्रोते ते बँडबरोबर म्हणू शकतात. अनेक वर्षे या बँडचे कार्यक्रम याच गाण्याने संपत असत. मधोमध ‘पुलिंग टीथ’ हे शब्दांविना केलेले बासवादन आहे. बास हे वाद्य एरवी मागे राहणारे. बर्टनने त्याचा आवाज फाडून, पायाखालच्या पेडलने तो वळवून एकट्याने त्याला बोलते केले आहे. काही वेळाने उलरिकचे ड्रम त्याला येऊन मिळतात. हा गुणी वादक २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. त्यामुळे हे वादन ऐकताना मन थोडे जड होते.

एका गाण्याची दोन रूपे

ध्वनिमुद्रिकेवर ज्याचे वादन नाही अशा एका माणसाचा विचार येथे करणे आवश्यक आहे. डेव्ह मस्टेन हा बँडचा प्रमुख गिटारवादक होता. नमुना-कॅसेटवर त्याचेच वादन आहे. दारू आणि भांडखोर वागणे या कारणांवरून ११ एप्रिल १९८३ रोजी, म्हणजे ध्वनिमुद्रणाला महिनाही उरला नसताना, त्याला काढून टाकण्यात आले आणि परतीच्या बसमध्ये बसवून देण्यात आले. त्याच्या जागी ‘एक्झोडस’ बँडमधून कर्क हॅमेट आला. हॅमेटने अल्पावधीत सगळी गाणी बसवली. एकल वादनात काही ठिकाणी मस्टेनच्या सुरावटीचा आरंभ राखून पुढे तो स्वतःच्या वाटेने जातो.

दहांपैकी चार गाण्यांच्या रचनेत मस्टेनचे नाव आहे. त्यांतील ‘द फोर हॉर्समेन’ अभ्यासकाला विशेष उपयोगी आहे. मूळ गाणे मस्टेनचे, ‘द मेकॅनिक्स’ नावाचे, शृंगारिक चावटपणाचे होते. तो गेल्यावर हेटफील्डने शब्द बदलले आणि बायबलमधील प्रकटीकरणाच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांची कल्पना घेतली. काळ, दुष्काळ, रोगराई आणि मृत्यू हे गाण्यातील स्वार. मध्यभागी संथ, सुरेल असा एक भाग नव्याने घालण्यात आला आणि गाणे सव्वासात मिनिटांचे झाले. मस्टेनने पुढे ‘मेगाडेथ’ हा बँड काढला आणि १९८५ साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तेच गाणे मूळ रूपाने, अधिक वेगाने आणि साडेचार मिनिटांच्या आत वाजवले.

दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकली तर संपादनाचा एक उत्तम धडा मिळतो. मस्टेनच्या रूपात धार आहे, चिडही आहे. मेटॅलिकाच्या रूपात विस्तार आहे. तेथे वेग मुद्दाम थांबवल्यामुळे तो पुन्हा सुरू होतो तेव्हा त्याला अर्थ येतो. माझ्या मते दुसरे रूप अधिक पक्व आहे. परंतु याबरोबरच हेही म्हटले पाहिजे की ज्या हातांनी ही सुरावट प्रथम घडवली, ते हात या ध्वनिमुद्रिकेवर नाहीत. नाव छापले गेले, श्रेय दिले गेले, तरी काहीतरी राहून गेलेच. सामूहिक कामात शिस्त लागते आणि ती मोडणाऱ्याला वेगळे करावे लागते, हे मान्य. पण शिस्तीची किंमत कोणीतरी मोजत असतो, हे यशाच्या कथा वाचताना विसरू नये.

काही मर्यादा

अभ्यास म्हटला की दोषांकडे डोळेझाक करून चालत नाही. या ध्वनिमुद्रिकेतील शब्द कच्चे आहेत. युद्ध, सैतान, मारामारी आणि स्वतःच्याच संगीताची फुशारकी यांपलीकडे विषय फारसे जात नाहीत. मुखपृष्ठावरील रक्ताचे थारोळे आणि हातोडा हे चित्रही धक्का देण्यासाठीच योजलेले आहे. हेटफील्डचा आवाज किनरा आणि ताणलेला आहे. पुढे त्याला जे वजन आले ते येथे नाही. युद्धाचे आणि अन्यायाचे गंभीर चित्रण करण्याची ताकद या बँडने नंतर, १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये दाखवली. तेव्हा केवळ शब्दांच्या आधारे कोणी या कृतीला कमी गुण दिले तर मी वाद घालणार नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य नाही. ‘हे संगीत तरुणांना हिंसक बनवते’ असे म्हटले जाते. ‘व्हिपलॅश’ या शब्दाचा अर्थ मानेला बसणारा हिसका. संगीताच्या तालावर डोके हलवून हलवून दुसऱ्या दिवशी मान दुखते, त्याचे हे गाणे आहे. राग कोठेतरी निघावा लागतो. तो हातात, मनगटात आणि तालात निघाला तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट ज्या मुलाला दोनशे मात्रांच्या गतीत इतर तिघांबरोबर राहायचे आहे, त्याला स्वतःचा राग आवरावाच लागतो. मस्टेनची हकिकत याचाच पुरावा नाही काय?

समारोप

‘किल एम ऑल’नंतर वाट रुळली. १९८३च्या डिसेंबरात ‘स्लेयर’ची, १९८४च्या जानेवारीत ‘अँथ्रॅक्स’ची, आणि १९८५मध्ये ‘मेगाडेथ’ व ‘एक्झोडस’ यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. या कृतीला १९९९ साली अमेरिकेत तीस लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. ३० ऑक्टोबर २०११ रोजी हा बँड बंगळूरमध्ये वाजवून गेला. म्हणजे त्या खरखरणाऱ्या कॅसेटचा आवाज आपल्या देशापर्यंत प्रत्यक्ष पोहोचला.

परंतु प्रतींचा आकडा हे काही कलेचे माप नव्हे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. बर्टनने रीतसर संगीतशिक्षण घेतले होते, हे खरे. पण हा विशिष्ट प्रकार शिकवणारा गुरू कोठेच नव्हता, कारण तो प्रकारच तयार व्हायचा होता. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या, त्यांतले जमेल ते उचलायचे, त्याचा वेग वाढवायचा आणि हात दुखेपर्यंत घोटायचे, एवढेच साधन हाती होते. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. आपणही वर्गात आधी ऐकतो, मग नकलून घेतो, आणि पुष्कळ दिवसांनी एखादे वाक्य आपले स्वतःचे होते. पहिल्या कृतीत उसनवारी दिसणारच. ती पाहून नाक मुरडण्यापेक्षा, उसने घेतलेल्यावर किती मेहनत केली आहे हे पाहावे, असे मला वाटते.

प्राध्यापकवर्गाने आणि विद्यार्थीमित्रांनी ही ध्वनिमुद्रिका आवडीने ऐकावी, असा माझा मुळीच आग्रह नाही. एकदा ‘व्हिपलॅश’ लावून फक्त उजव्या हाताकडे कान द्यावा आणि मात्रा मोजून पाहाव्यात. चौघांपैकी कोणी एकही मात्रा सोडतो काय, ते पाहावे. आणि मगच गोंगाट हा शब्द वापरायचा की नाही, ते ठरवावे.